दोन किरण आणि वन्सं

आमच्या वन्संचं डोकं उघडायचं ठरलं, आणि त्यातून निघालेला तुकडा न् तुकडा बघायचं काम आलं माझ्याकडे. नशिबाला थट्टा करायला दुसरं कोणी सापडलंच नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच सोड! अगं हळू सोड! सोड म्हटलं की लगेच पाय उचलतात का?" असं ओरडायचं, आणि घरी आल्यावर तो आवाज खाली आणायला विसरायचं. राहतात आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. जिन्यावरून आधी त्यांचा आवाज उतरतो, मग त्या उतरतात. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्यानं हात टेकावेत, एवढाच मार्ग. मी टेकले नाहीत. माझाही स्वभाव काही लोण्याचा नाही. लग्न झाल्यापासून आमचं जे वाजतंय ते वाजतंयच, आणि माझा नवरा त्या सगळ्या काळात वर्तमानपत्राच्या मागे बसलेला आहे.

माझ्या कामाबद्दल वन्संचं मत ठरलेलं होतं. कोणाशी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची भावजय. लायटीचं काम करते." मग समोरचा माणूस हळूच विचारायचा, आमचा पंखा फार आवाज करतो, जरा बघता का? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. लेझरचा उजेड पदार्थावर पाडायचा आणि तो पदार्थ त्या उजेडाला काय उत्तर देतो ते ऐकायचं, यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. प्रत्येक रेणू आपल्या परीनं थरथरत असतो. चरबीची थरथर वेगळी, प्रथिनाची वेगळी, साखरेची वेगळी. आपल्याला ती उजेडातून ओळखता येते, रंग लावायला नको, काही मिसळायला नको. ऐकायला छान वाटतं. पण ते उत्तर इतकं बारीक असतं, की सुरुवातीच्या काळात मी एका ठिपक्यासाठी अख्खी दुपार अंधाऱ्या खोलीत बसून राहायची. आमचा पहिला लेझर पलंगाएवढा होता आणि त्याला थंड ठेवायला नळाचं पाणी लागायचं. शेजारच्या प्रयोगशाळेत कोणी बाटल्या धुवायला घेतल्या, की इकडे पाण्याचा जोर कमी होऊन लेझर बंद. मग मी तिकडे भांडायला. त्या मजल्यावरचे लोक मी येताना दिसले की आधी नळ बंद करायचे आणि मग नमस्कार करायचे.

आता एका किरणाऐवजी दोन किरण वापरतो. दोघांच्या रंगातला फरक एखाद्या रेणूच्या थरथरीशी बरोबर जुळवला, की तो रेणू मोठ्यानं उत्तर देतो, आणि बघता बघता चित्र उभं राहतं. पण अट अशी, की दोन्ही किरण एकाच ठिपक्यावर एकाच क्षणी पोचले पाहिजेत. त्यासाठी एकाच्या वाटेत आरसे बसवलेली एक छोटी गाडी असते. ती केसभर पुढे-मागे करायची मूठ आहे. ती मूठ मी कोणाला हात लावू देत नाही. देत नव्हते, असं म्हणायला पाहिजे.

हे यंत्र शेवटी आम्ही इतकं लहान केलं, की चाकांवर ढकलत इस्पितळात नेता आलं. मेंदूतली गाठ काढताना शल्यविशारदाला कळत नाही, गाठ कुठे संपली आणि चांगला मेंदू कुठे सुरू झाला. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. तुकडा तपासायला पाठवला तर उत्तर यायला वेळ जातो, आणि तोवर रोगी तसाच उघड्या डोक्यानं. आमच्या यंत्राला चहा होईपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही. निरोगी मेंदूत चरबीचे लांब लांब धागे दिसतात. गाठीत पेशींच्या ठिपक्यांची नुसती रेटारेटी.

वन्संचे शब्द निसटायला लागले, तेव्हा आधी आम्ही हसलो. एका शिकाऊ मुलीला त्या म्हणाल्या, "चमचा टाक, दुसरा चमचा टाक!" त्यांना गिअर म्हणायचं होतं. त्या स्वतःही हसल्या. मग एकदा त्यांना स्वतःच्या भावाचं नाव आठवेना. माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं तो... तुझा तो... पेपरवाला." आणि एकदम रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तपासणीत गाठ निघाली. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून.

शल्यविशारद म्हणजे शांत, सडपातळ गृहस्थ. माझ्या यंत्रावर त्यांनी याआधीही काम केलेलं. त्यांनी वन्संना समोर बसवून सरळ सांगितलं, "ताई, तुम्हाला जागं ठेवून गाठ काढायची. दुखणार नाही. मी काढत जाईन आणि तुम्ही बोलत राहायचं. बोलणं अडखळलं, की मला कळेल मी नको तिथे पोचलो. मी तिथेच थांबणार."

"आणि थोडी उरली तर?" वन्संनी विचारलं.

"उरली तर लवकर परत वाढेल."

वन्संनी पदर सारखा केला. "डॉक्टर, नीट ऐका. उरली तर उरू दे. पण माझी वाचा गेलेली मला चालणार नाही. मी मुकी होऊन घरात बसणार, आणि ही" माझ्याकडे बोट करून, "जिंकणार? मुळीच नाही."

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, ही माझी नणंद आहे, यंत्रावर मी नको, माझ्या जागी दुसरं कोणी बसवा. ते म्हणाले, "दुसरं कोण आहे? तुकडा कसला ते आमचे पॅथॉलॉजीचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त चित्र खरं ठेवा."

फक्त म्हणे.

दुसरं कोण आहे, याचं खरं उत्तर माझ्या हाताखालीच होतं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता माझ्याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, दोन मुलांची आई. सगळे तिला शंकाबाई म्हणतात. कारण पाणी उकळलं असं सांगितलं तरी ती विचारते, कशावरून? हुशार आहे, पण तिच्या शंकांनी माझे कान किटतात. आणि मूठ तर मी तिलाही देत नसे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी यंत्र घेऊन शेजारच्या छोट्या खोलीत बसलो. पॅथॉलॉजीचे डॉक्टर एका बाजूला पडद्यासमोर. मधल्या भिंतीत काच, वर आवाजाचा डबा, आणि तिकडे बोलायला एक बटण. काचेतून मला हिरवी कापडं, डॉक्टरांची पाठ आणि कापडाच्या तंबूखाली वन्संचे पाय तेवढे दिसत होते. आवाज मात्र खणखणीत येत होता. एक तरुणी त्यांच्या तोंडासमोर बसून चित्रांची कार्डं दाखवत होती.

"हे काय आहे, ताई?"

"कुत्रा. आणि वाईट काढलाय."

"हे?"

"छत्री. अगं ही काय बालवाडी आहे का? पुढचं दाखव. किल्ली. बादली. बादलीची कडी तुटलीय."

शंकाबाई हसली. मी हसले नाही, पण जीव जरा थाऱ्यावर आला.

गाठीचा मधला भाग सहज निघाला. मग डॉक्टर कडेला आले आणि बोलण्याच्या बाजूचा पहिला तुकडा आमच्याकडे आला. मोहरीएवढा. मी तो काचेखाली ठेवला, किरण सोडले. पडद्यावर चित्र उमटलं. सगळीकडे ठिपकेच ठिपके. धागा एकसुद्धा नाही.

पॅथॉलॉजीचे डॉक्टर पुढे झुकले. "हे तर भरगच्च आहे."

म्हणजे आणखी पुष्कळ काढायचं. म्हणजे बोलण्याच्या जागेत शिरायचं. "थांबा," मी म्हटलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. काही दिसलं की लगेच नाचायचं नाही की रडायचं नाही. आधी किरणांचा रंग असा बदलायचा, की त्या फरकाला शरीरातला एकही रेणू उत्तर देत नाही. आम्ही त्याला रिकामी जागा म्हणतो. तिथे पडदा काळा पाहिजे. तिथेही चित्र दिसलं, तर ते चित्र खोटारडं.

मी रंग बदलला, त्याबरोबर आरशांची गाडीही सरकवली. चित्र जागच्या जागी. ढिम्म हललं नाही.

"करपलेलं रक्त!" मी ओरडलेच. रक्तस्राव थांबवायला डॉक्टर कडा किंचित भाजतात. ते करपलेलं रक्त दोन्ही किरण गिळतं आणि यंत्राला वाटतं उत्तर आलं. मी बटण दाबून शल्यविशारदांना सांगितलं, "डॉक्टर, हा तुकडा भाजलेला आहे. याच्यावर विश्वास ठेवू नका. तिथलाच, न भाजलेला द्या."

दुसरा तुकडा आला. मी रंग पुन्हा पहिल्या जागी आणला, आरशांची गाडी मागे घेतली, किरण सोडले. आणि काय सांगू! धागे. लांब, सुरेख, शिस्तीत चाललेले चरबीचे धागे. ठिपके नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. पॅथॉलॉजीचे डॉक्टरही म्हणाले, "वा, हा तर चांगला मेंदू." मी बोलायचं बटण दाबायला हात उचलला.

"बाई, तेलाचा थेंब?" शंकाबाई म्हणाली.

तेलाचा एक थेंब आम्ही काचेत बंद करून नेहमी जवळ ठेवतो. त्याचं उत्तर किती उजळ येतं हे आम्हाला पाठ आहे. किरण नीट जुळलेत की नाही, हे त्यावरून कळतं.

"सकाळी बघितलाय," मी म्हटलं.

"आत्ता रंग बदलून परत आणलात ना. म्हणून म्हटलं."

"तिकडे बाईचं डोकं उघडं आहे आणि तुला शंका सुचतायत?"

"बाई, वाईट चित्र आलं तेव्हा तुम्ही तपासलंत. चांगलं आलं, तर तपासत नाही आहात."

मला इतका राग आला! राग याचा, की ती खरं बोलत होती. नावडतं उत्तर आलं की आम्ही त्याची सालटी काढतो, आणि आवडतं आलं की गळ्यात हार. उजेडाशी खेळणारा प्रत्येक जण या खड्ड्यात पडतो, आणि दुसऱ्याला पडू नको म्हणून सांगत असतानाच पडतो. मी तुकडा काढला आणि थेंब ठेवला.

थेंब मिणमिणला. जिथे डोळे दिपायला हवेत, तिथे नुसता करडा डाग.

घाईत मी आरशांची गाडी पुरती परत आणलीच नव्हती. दोन किरण एकाच ठिपक्यावर पडत होते, पण एक किंचित उशिरा. चरबीचं उत्तर मोठं, म्हणून ते तेवढ्यातही दिसलं. प्रथिनांचं बारीक उत्तर बुडून गेलं, आणि पेशी दिसतात त्या प्रथिनांवरून. मी हळूहळू मूठ फिरवली. थेंब उजळला. तुकडा परत ठेवला, रिकाम्या जागी काळं आहे ना तेही बघितलं, आणि मग आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. धागे होतेच. पण एका कोपऱ्यात त्या धाग्यांच्या मधून, गर्दीत घुसणाऱ्या माणसांसारखे, ठिपके घुसलेले होते.

थोडं होतं. पण होतं.

बटण दाबून मीच सांगितलं. कोणी दुसऱ्यानं सांगितलेलं मला चाललं नसतं. "डॉक्टर, कडेला उरलंय. बोलण्याच्या बाजूला, पातळ पापुद्रा."

"समजलं," डॉक्टर म्हणाले. "ताईंचं बोलणं चालू आहे तोवर मी काढत जातो. ताई, बोलत राहा बरं का."

आणि वन्सं गप्प झाल्या.

"ताई, हे काय आहे?" कार्डवाल्या तरुणीचा आवाज. उत्तर नाही. "ताई?" उत्तर नाही. डॉक्टरांनी हत्यार बाजूला घेतलं. "मी कुठेच हात लावलेला नाही," ते म्हणाले. "ताई, काही होतंय का?"

बऱ्याच वेळानं अगदी बारीक आवाज आला. "दमले हो. उरलंय म्हणाली ना ती. राहू दे आता."

डब्यातून माझा आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टर काचेकडे वळले. "त्या अशा गप्प राहिल्या तर मला इथेच थांबावं लागेल. गप्प आहेत त्या दमल्या म्हणून की माझ्या हातामुळे, हे मला कळणार कसं?"

चित्रांच्या कार्डांनी वन्सं बोलणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. गोड बोलून तर मुळीच नाही. त्यांना आयुष्यात बोलतं केलंय ते एकाच गोष्टीनं, आणि ती गोष्ट त्या इस्पितळात फक्त माझ्याकडे होती. पण मी आत गेले, तर यंत्र कोण बघणार? पुढचा तुकडा सगळ्यात नाजूक. किरण परत हलले तर? मी मुठीवर हात ठेवून बसले होते, तो हात माझ्याच्यानं उचलवेना.

"बाई," शंकाबाई हळूच म्हणाली, "मी दोन्ही तपासणार. काळं पण आणि थेंब पण. चांगलं आलं तरी."

"चांगलं आलं तर दोनदा तपास," मी म्हटलं, आणि उठले.

टोपी, मुखपट्टी, अंगरखा चढवून मी आत गेले. हिरव्या कापडाच्या तंबूखाली वन्संचा चेहरा एवढासा दिसत होता. डोळे मिटलेले. कोपऱ्यातून पाणी आलेलं. मला भरून आलं, पण भरून येऊन काय उपयोग होता? मी स्टूल ओढलं आणि म्हणाले,

"वन्सं, ते संस्थेचं फाटक तुमच्यामुळे मोडलं."

डोळे उघडले.

गोष्ट जुनी आहे. एकदा मला गाडी शिकवायचं त्यांच्या डोक्यात आलं होतं. महिनाभर शिकवणी झाली आणि शेवटच्या दिवशी मी आमच्या संस्थेच्या, म्हणजे माझ्या प्रयोगशाळेच्या, फाटकावर गाडी मागच्या मागे नेऊन आदळली. त्यानंतर मी चाकाला हात लावला नाही, आणि चूक कोणाची, यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही.

"काय म्हणालीस?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, जागा आहे, येऊ दे, येऊ दे. मी आणली."

"जागा होतीच! हत्ती जाईल एवढी जागा होती! तू चाक उलटं फिरवलंस!"

डॉक्टरांनी हत्यार पुन्हा उचललं. मला त्यांनी नुसती मान हलवून खूण केली, चालू द्या.

"चाक मी तुम्ही सांगितलं तसंच फिरवलं."

"मी सांगितलं डावीकडे. आणि तू गेलीस उजवीकडे! वर ब्रेक म्हणून दाबलास अॅक्सिलरेटर. मी एवढ्या पोरांना शिकवलं, बायकांना शिकवलं, एका म्हाताऱ्याला शिकवलं, त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. एकानं फाटक मोडलं नाही! आणि ही बाई, शास्त्रज्ञ! आयुष्यभर आरसे लावतेस ना गं? केसभर फरक कळतो म्हणतेस? मग गाडीच्या आरशात ते एवढं मोठं फा... फा..."

थांबल्या. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. "फा..."

डॉक्टरांचा हात हवेत. मी त्यांचा हात धरला, वन्संचा, आणि तो किती घट्ट धरला ते मला नंतर कळलं.

"...फाटक!" त्या म्हणाल्या. "फाटक दिसलं नाही तुला?"

"ही जागा नको," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पलीकडून येतो. चालू द्या, चालू द्या."

"नाही दिसलं!" मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, म्हणून मी तो आणखी चढवला. "कारण तुम्ही कानाशी ओरडत होतात! माणसाला सुचेल का काही? आणि मला गाडी शिकायचीच कुठे होती? मी बसनं जात होते, सुखानं जात होते. तुम्हीच मागे लागलात."

"सुखानं? तुझं ते काम संपायचं कधी, तू बसमधून उतरायचीस कधी! कोपऱ्यावरचा दिवा तेव्हा सहा महिने बंद होता, आठवतं का? तू त्या अंधारातून चालत यायचीस. मी वर खिडकीत उभी. तुझी चप्पल जिन्यावर वाजली, की मग अंथरुणाला पाठ टेकायची. तुझा नवरा घोरत असायचा, त्याला काय! म्हटलं, हिला गाडी येऊ दे एकदा, म्हणजे मला तरी झोप लागेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर सुचेना. डोळ्यांतलं पाणी मुखपट्टीत मुरत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे तीक्ष्ण नजर टाकली. बोला, अशी ती नजर होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी कसंबसं म्हटलं.

"तू ऐकून घेतेस कोणाचं? सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मी काय लहान आहे का. म्हणाली असतीस की नाही? खरं सांग."

"म्हणाले असते."

"बघा! कबूल करते! डॉक्टर, ऐकलंत का?"

"ऐकलं, ताई," डॉक्टर म्हणाले. "जरा हसू आवरा सगळ्यांनी. माझ्या हाताला ते चालत नाही."

वन्सं बोलत होत्या. फाटकावरून संस्थेच्या रखवालदारावर गेल्या, तिथून गाडीच्या वाकलेल्या पत्र्यावर, तिथून माझ्या नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर. मधूनमधून एखादा शब्द घसरायचा, त्या त्याला पकडून परत आणायच्या. डॉक्टरांचा हात एकदाही थांबला नाही. मग एक तुकडा बाहेर गेला. मी काचेकडे बघितलं नाही. बघावंसं फार वाटत होतं, मानेला रग लागली, पण नाही बघितलं. मी भांडत राहिले.

डब्यात खरखर झाली. शंकाबाईचा आवाज. "रिकाम्या जागी काळं. थेंब उजळ. तुकड्यात ठिपके नाहीत." पुन्हा खरखर. "दुसऱ्यांदा तपासलं. तेच आहे."

"मीही बघतोय," पॅथॉलॉजीचे डॉक्टर म्हणाले. "कड स्वच्छ."

शल्यविशारदांनी हत्यार खाली ठेवलं. पुढे औषधं आहेत, तपासण्या आहेत, अशा गाठीचा कायमचा भरवसा कोणी देत नसतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, वन्संनाही. तरी पण ते मोठ्यानं म्हणाले, "झालं, ताई. सगळं निघालं. आता टाके घालतो. आता बोलायची काही गरज नाही, विश्रांती घ्या."

मी स्टुलावरून उठायला लागले.

"गरज नाही म्हणजे?" वन्सं म्हणाल्या. "मी काय गरज म्हणून बोलत होते? आणि तू कुठे निघालीस? बस खाली. माझं झालेलं नाही अजून."

मी बसले. त्या पार टाके पूर्ण होईपर्यंत बोलल्या, आणि मी त्यांना एकदाही मध्येच तोडलं नाही.